हयाशी-आजींची मिउरा स्वारी आणि पांढऱ्या गाडीचे बंड

श्री.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, कार्तिक मासी, शुक्ल पक्षी, रविवारी, योकोहामा मुक्कामी, इमारतीखालच्या वाहनतळावर जे रण माजले त्याची हकीकत जैसी घडली तैसी लिहितो, पदरचे काही घालीत नाही.

मुंबईच्या एका बँकेचे कारभारी राजश्री अंबरीषपंत चार वर्षांच्या नेमणुकीवर जपानप्रांती रवाना जाहले, समागमे कुटुंब ज्योत्स्नाबाई. शेजारी हयाशी-सान म्हणोन एक्याऐंशी वर्षांच्या वृद्ध बाई, अति सालस. त्यांनी ज्योत्स्नाबाईंस जपानी भाषा शिकविली आणि कोणता कचरा कोणत्या वारी टाकावा हा अवघा कायदा मुखोद्गत करविला, म्हणोन उभयता त्यांस आजी म्हणत. आजींच्या थोरल्या भगिनी फुमि-सान, वय शहाऐंशी, मिउरा प्रांती टेकडीवर एकट्या राहत. त्यांची कन्या त्यांस कायमचे दूर उत्तरेस होक्काइदोस नेणार आणि निघणे त्याच रविवारी दुपारी तीनास, ऐसी खबर आली. आजींच्या गुडघ्याची नुकतीच शस्त्रक्रिया जाहलेली, टेकडीचा चढ बिकट, तेथे बस जात नाही, आणि या वयात पुन्हा भेट होईल न होईल. तेव्हा पंतांनी छातीवर हात ठेवून कौल दिला की, आमची गाडी हाजीर आहे, बारास कूच करू.

गाडी पांढरी, चौकोनी, तीन सिलिंडरांची, वयाने थकलेली. पंतांस यंत्रविद्येचा नाद दांडगा. मोबाईलवर चित्रफिती पाहून पाहून ते स्वतःस इंजिनखात्याचे सरदार समजत आणि गॅरेजचे नाव काढलेले त्यांस खपत नसे.

बारा वाजता आजी रेशमी रुमालात पर्सिमनची फळे बांधून मागच्या आसनी विराजमान जाहल्या, आणि पंतांनी बिसमिल्ला करून चावी फिरविली. तो गाडीने नुसते टक् टक् केले आणि समोरचे दिवे मंद जाहले. पंतांचा चेहरा उतरला. मग त्यांनी बॉनेट उघडोन, कमरेवर हात ठेवोन जाहीर केले की स्टार्टर कामास आला, इंजिनही जाम असावे, प्रसंग भारी आहे.

ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, "अरे, दिवे मंद झाले ना? मग आधी बॅटरी बघ. उगाच मोठे रोग कशाला शोधतोस?"

पाहतात तो बॅटरीच्या एका टोकावर पांढऱ्या-हिरव्या बुरशीसारखी पूड चढलेली आणि तारेची पट्टी हाताने हलते ऐसी सैल. तेव्हा बाईंचे हुकूमावरून पंतांनी आधी ऋण टोक सोडविले, मग धन. बाईंनी घरात जाऊन ढोकळ्यासाठी ठेवलेला सोडा कोमट पाण्यात कालवून आणिला, आणि जुन्या दातांच्या ब्रशाने पुडीचा मोर्चा साफ उधळिला. मग पुसोन, कोरडे करोन, आधी धन टोक जोडिले, मग ऋण, आणि पान्याने दोन्ही आवळिली. चावी फिरविता इंजिन गर्जोन उठले. आजींनी मागून टाळ्या वाजविल्या.

परंतु तो जयजयकार चार क्षण टिकला. इंजिन ताप भरल्यागत थरथरू लागले, आवाज एकदा चढे, एकदा पडे, आणि समोर पिवळा दिवा पेटला. साडेबारा जाहले होते. पंतांस मात्र स्फुरण चढले. त्यांनी मसलत केली की एका सिलिंडराची ठिणगी फितूर आहे. ठिणगी पुरविणाऱ्या तिन्ही कॉइल काढोन त्यांच्या जागा बदलाव्या, दुखणे जागा बदलते की काय पाहावे. तरकीब वाजवी होती, परंतु त्यात दीड घटका काळ गेला, सदऱ्यास काळे लागले, नख एक मोडले, आणि थरथर तसूभर हलली नाही.

ज्योत्स्नाबाई घड्याळ पाहत हलकेच म्हणाल्या, "टॅक्सी बोलावू का रे? आजींना कळत नाहीये असं नाही."

मागे आजी रुमालाची गाठ सोडीत आणि पुन्हा बांधीत होत्या. कोणी पाहिले की म्हणत, "दाइजोबु," म्हणजे काही हरकत नाही. ते ऐकोन पंतांस अधिकच शरम वाटली.

मग आजींनी काच खाली केली, मान बाहेर काढिली आणि जपानीत विचारिले, "अंबरीष-सान, हे शूऽऽ असं काय वाजतंय? वाफ सुटल्यासारखं? उजव्या बाजूला."

सर्वांनी कान टवकारिले. खरेच, उजवीकडून बारीक फूत्कार येत होता. पंतांनी इंजिन बंद करोन, आत हात घालोन चाचपिले, तो हवेच्या पेटीमागची अंगठ्याएवढी जाड रबरी नळी आपल्या जागेवरून सुटोन लोंबत होती. जी हवा मोजून आत जावी ती आडवाटेने घुसत होती, म्हणोन इंजिन बेजार.

ज्योत्स्नाबाईंनी पृच्छा केली, "ही सुटली कशी?"

पंत पायाकडे पाहोन म्हणाले, "गेल्या रविवारी मी फिल्टर साफ केला ना… तेव्हा काढली होती. लावायची राहिली."

बाईंनी ओठ घट्ट मिटिले, कारण हसू अनावर होते. नळी दाबोन बसविली, चिमटा चढविला, चावी फिरविली, आणि इंजिन लोणी विरघळावे तैसे शांत घुमू लागले. सव्वा वाजला होता. स्वारी मध्ये कोठे न थांबता दक्षिणेस दौडली आणि अडीचास टेकडी चढोन गेली.

फुमि-सान दारात काठी टेकोन उभ्या होत्या. म्हणाल्या, "किती उशीर! मला वाटलं आता येत नाहीस."

हयाशी-आजींनी पंतांच्या काळे लागलेल्या सदऱ्याकडे एकवार पाहिले आणि उत्तर दिले, "रस्त्यात फार गर्दी होती गं."

पंत कमरेतून इतके वाकले की आपल्या बँकेच्या वरिष्ठांपुढेही कधी वाकले नव्हते. दोघी बहिणी ओसरीवर बसल्या, एकीने फळ सोलिले, दुसरीने खाल्ले, बोलणे थोडे, हातात हात बराच वेळ. तीनास कन्येची मोटार आली आणि फुमि-सान गेल्या. मोटार वळणाआड होईपावेतो आजी हात हलवीत राहिल्या.

येणेप्रमाणे मिउरा स्वारी फत्ते जाहली. शत्रू दोन: सैल पट्टी एक, सुटलेली नळी एक. खर्ची पडले: सोडा दोन चमचे, ब्रश एक, सदरा एक. भेट घडली: अर्धा तास. नळी कोणी सोडिली हे फुमि-सान यांस अखेरपावेतो कळले नाही. दप्तरी मात्र नोंद राहावी म्हणोन लिहिले असे.