टँकरच्या रांगेतलं वाक्य

वाघमारे सर आमच्या गल्लीतल्या घागरींना इंग्रजी शिकवत. घागरींच्या मालकिणींना नव्हे, घागरींना. टँकरची वाट बघत रांग लागली की ते खडू घेऊन यायचे आणि पहिल्या घागरीवर नाम, दुसरीवर क्रियापद, तिसरीवर क्रियाविशेषण असं लिहीत जायचे. मग छडीनं एकेकीवर टकटक करून वाचायचे, "द टँकर. कम्स. डेली." टँकर रोज येत नसे. मी तसं म्हणालो तर म्हणाले, "वाक्य बरोबर हाय ना? खरं करायचं काम टँकरवाल्याचं."

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि पावसानं पाठ फिरवली होती. नव्या कचेऱ्यांत खुर्च्या येत होत्या, नळाला पाणी येत नव्हतं. मी त्यातल्याच आरोग्य खात्याच्या कचेरीत हिशेबाचा कारकून. शेजारच्या खोलीत सर एकटे राहत. मूळचे जळकोटकडचे, इथं हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. त्यांच्या पत्नी सुमनबाई नांदेड जिल्ह्यात, भोकरच्या सरकारी दवाखान्यात नर्स. त्यामुळे यांचा संसार बराचसा एसटीतच झाला होता. नव्या जिल्ह्यात जागा निघतील म्हणून सुमनबाईंनी लातूरला बदली मागितली होती. हे साऱ्या गल्लीला ठाऊक, कारण मी संध्याकाळी सायकलवरून उतरायच्या आत सर विचारायचे, "मोरेसाहेब, काई कळालं का?"

पुस्तकात 'शब्दांच्या जाती' असं छापलेलं असे. सर ते खोडून 'शब्दांची कामं' असं लिहायला लावत. "जात कशाला इचारता? काम इचारा," म्हणत. त्यांच्या मते नाम पुढं, क्रियापद त्याच्या मागं, दोघांनी जागा सोडायची नाही. "क्रियाविशेषण मात्र मोकळं जनावर हाय. पुढं बांधा, मागं बांधा, चालतं."

हे कौसल्याबाईंनी नीट ऐकलं. त्यांची घागर क्रियाविशेषण होती. दुसऱ्या दिवशी त्या उशिरा आल्या आणि घागर सरळ रांगेच्या तोंडाशी ठेवली. सरांनीच परवानगी दिलीय, म्हणाल्या. आमची मंडळी क्रियापद. ती म्हणाली, मी हलले तर तुमचं वाक्यच उभं राहणार नाही. टँकरवाला भोंगा वाजवत राहिला. निवाडा माझ्याकडे आला. जो आधी आला त्याला आधी पाणी, असं मी सांगितलं. ते कुणालाच पटलं नाही. शेवटी सरांनी ठरवलं, क्रियाविशेषणानं आज पुढं यावं, पण उद्या शेवटी जावं.

"तर मग उद्यापास्नं मला नाम करा, गुरुजी," कौसल्याबाई म्हणाल्या. "नुसतं पुढं हुबं ऱ्हायचं, काम दुसऱ्यानं करायचं. आमच्या घरात हाय तसलं एक."

मला आकड्यांची सवय, तसा शब्दांचाही मेळ घालून बघतो. माझ्या लक्षात आलं की सरांच्या वाक्यात नाम बदलतं. टँकर येतो, पोस्टमन येतो, बस येते. क्रियाविशेषणही बदलतं. डेली, सून, टुडे. क्रियापद मात्र एकच, कम्स. एकदा विचारलं, इंग्रजीत दुसरं क्रियापद नाही का? जाणं आहे, बसणं आहे.

"हाय ना," सर खडू झटकत म्हणाले. "पण सध्या हेच पक्कं करायलोय."

मग एका शनिवारी कचेरीत कागद आला. भोकरला दुसरी नर्स मिळत नव्हती, म्हणून सुमनबाईंची बदली नामंजूर. गोष्ट गुंडाळून सांगणं मला जमत नाही. घरी आलो तेव्हा रांग लागली होती. सरांना बाजूला घेतलं आणि होतं तसं सांगितलं.

"लिहून आलंय?"

"आलंय."

त्यांनी खडू खिशात टाकला. आज वाचन नाही, पाणी भरून घ्या, असं बायकांना सांगून ते खोलीकडे वळले. टँकर उभा होता, पण घागर कुणी उचलेना. काय झालं ते माझ्या तोंडावरूनच बायकांना कळलं असावं. कौसल्याबाई हाक मारून म्हणाल्या, "वाचा की, गुरुजी. टँकर काय पळून चाललाय का?"

सर नकारार्थी मान हलवून आत गेले.

थोड्या वेळानं ते पिशवी घेऊन आमच्या दारात आले. नांदेडची गाडी गाठायची, तिथून भोकर. मी म्हणालो, सर, सोमवारी त्यांना कागद मिळेलच. एवढ्यासाठी रात्रभर धक्के कशाला खाता?

"कागद जाईल हो. पण मीच तिला सांगून बसलो, यावेळी नक्की होतंय, तू सामान बांध." ते उंबऱ्याकडे बघत बोलत होते. "तिनं सगळी भांडीकुंडी पोत्यात घालून, तोंडं शिवून ठेवलीत. दोन ताटल्या तेवढ्या बाहेर. आता ते एकटीनं उसवत बसायचं म्हणजे..."

  आमच्या मंडळींनी चार भाकरी फडक्यात बांधून आणून दिल्या. सर चार पावलं गेले आणि परत आले.

"वहिनी, कात्री आसली तर द्या. तिची कात्रीबी पोत्यात शिवली गेलीय."