थोडक्यात वामनभाऊजी

वामनभाऊजींनी पुतणीची लग्नपत्रिका कम्प्युटरकडून लहान करून घेतली, तेव्हा तिच्यातून नवरदेवच गळाला. उरली सगळी मुलीकडची माणसं. त्यांचे थोरले भाऊ ती हातात धरून म्हणाले, "वामन्या, लगन कोणासंगं लावू? तुझ्या कम्प्युटरसंगं?"

भाऊजी आमचे शेजारी. जवळा बाजार या आमच्या गावात बसस्टँडजवळ त्यांचं टायपिंगचं दुकान होतं. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. गावात केबल आली, पेपरांची पानं वाढली, तसे ते बेजार झाले. सगळं वाचायचं, सगळ्या बातम्या बघायच्या आणि मग कपाळ चोळत ओट्यावर बसायचं. "वैनी, लई माहिती येऊन राहिली. ठेवावी कुठं?"

मग दुकानातल्या कम्प्युटरमध्ये त्यांना ते बटण सापडलं. कितीही लांब मजकूर असो, बटण दाबलं की त्याचा छोटा तुकडा उरायचा. तेव्हापासून ते पेपर आधी टाइप करायचे आणि मग लहान करून वाचायचे.

"टाइप करताना वाचून होतंच की," मी एकदा हळूच म्हणाले.

"ते वाचणं न्हाई वैनी. ते काम हाय."

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण कुठलं वाक्य महत्त्वाचं हे मशीनला कसं कळतं, याचं मला फार कुतूहल. शेवटी धीर करून विचारलं. भाऊजी खूश झाले.

"तिला काई कळत न्हाई. जे शब्द घडीघडी येतात, ते मोठे असं ती धरते. त्यांची वाक्यं ठेवते. बाकी कचरा."

पत्रिकेत घरचं आडनाव घडीघडी आलं होतं आणि नवरदेवाचं एकदाच. म्हणून तो कचऱ्यात गेला.

भाऊजींची बायको, गयाबाई, याच्या अगदी उलट. मेथीची जुडी आणली तरी घराला कुलूप लावल्यापासून सांगायच्या. मध्येमध्ये विचारायच्या, "ऐकून राहिले ना?"

"थोडक्यात सांग," भाऊजी पेपरातून म्हणायचे.

"थोडक्यातच सांगून राहिले. अजून चौकापातूर तर पोचले न्हाई."

भिंतीच्या अलीकडे मी पदर तोंडाला लावून हसायची.

एका पावसाळ्यानंतर गयाबाई काविळीनं गेल्या. भाऊजींनी केबल काढली, पेपर बंद केला. भिंतीपलीकडून भांड्याचाही आवाज येईना.

पुढे एका बाजाराच्या दिवशी मी दुकानावरून चालले होते. भाऊजींनी हाक मारली. कम्प्युटरवर त्यांनी गयाबाईंचं मेथीचं बोलणं आठवून आठवून टाइप केलं होतं. पार कुलपापासून.

"तुमाला भिंतीतून ऐकू यायचं. बघा, काई सुटलं का. तिचं एक बी वाक्य जाऊ नये."

मी वाचलं. चौकातली शेळी राहिली होती. ती सांगितली. त्यांनी घातली. मग त्यांचं बोट सवयीनं त्या बटणावर गेलं.

एवढ्या मजकुरातून एकच वाक्य उरलं. एकाखाली एक, पुन्हा पुन्हा तेच. ऐकून राहिले ना? ऐकून राहिले ना?

भाऊजींनी ते सगळं खालपर्यंत वाचलं. मग माझ्या पिशवीकडे वळले.

"वैनी, काय आणलं?"

"मेथी."

"कशी आणली?"

मला चारचौघांत दोन शब्द बोलायची लाज. पिशवी खाली ठेवली.

"आधी घराला कुलूप लावलं," मी म्हणाले.

त्यांनी कम्प्युटर बंद केला आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

"हं. मग?"