दुसऱ्याच्या झाडाला पाणी

आमच्या सोसायटीच्या बागेत स्वतःच्या झाडाला पाणी घालणं हा गुन्हा आहे. त्यापेक्षा चोरी परवडली, असं खानापुरे अण्णांचं मत. तुम्ही कुणाचं वांगं चोरलंत तर अण्णा फार तर "शिजलं का नीट?" असं विचारतील. पण स्वतः लावलेल्या टोमॅटोला पाणी घालताना सापडलात, तर तुमची धडगत नाही.

परवाच एक गृहस्थ सापडले. मूळचे पुण्याचे, आधी व्हाइटफील्डला राहायचे, आता आमच्या इमारतीत आलेत. हौसेनं टोमॅटो लावला आणि हौसेनंच मगात पाणी घेऊन घालायला गेले. अण्णा बागेच्या दुसऱ्या टोकाकडून लुंगी सावरत धावत आले.

"ओ सर! काय करालाय तुम्ही?"

"पाणी घालतोय."

"कुणाचं रोप आहे ते?"

"माझंच आहे, काका."

"म्हणूनच की! सोडा तो मग."

अण्णांनी मग काढून घेतला, त्यांना माझ्या शेजारच्या पद्माच्या मिरचीपाशी नेलं आणि तिथं तो परत त्यांच्या हातात दिला. गृहस्थांनी माझ्याकडे बघितलं. हा मनुष्य ठीक आहे ना, असं त्यांना विचारायचं होतं. मी मान हलवली. होय म्हणून हलवली की नाही म्हणून, ते माझं मलाच सांगता येणार नाही.

अण्णा मूळचे बेळगावकडचे. एका सरकारी कारखान्यात तपासनीस होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण तपासणी काही सुटली नाही. कुठलीही वस्तू दिसली की बोटाच्या पेरानं टकटक करून कान लावतात. भोपळ्यावर टकटक, पाण्याच्या पिंपावर टकटक, एकदा सेक्रेटरींच्या नव्या गाडीवरही टकटक करून "आतनं पोकळ वाटालंय" म्हणाले होते. सेक्रेटरींनी ते मनावर घेतलं.

इमारतीच्या मागं एक रिकामा पट्टा होता. बिल्डरनं टाकून दिलेली खडी, तुटक्या फरशा आणि मांजरं. तिथं बाग केली ती अण्णांनी. प्रत्येक घराला एक वाफा. लावायचं काय ते तुम्ही ठरवा, पाणी मात्र दुसऱ्यानं घालायचं. कुणी कुणाच्या वाफ्याला घालायचं ते अण्णा ठरवणार. माझ्या भेंडीला शेजारची पद्मा घालायची, पद्माच्या मिरचीला आणखी कुणी, आणि अण्णांच्या वांग्याला मी.

"असलं उलटं कशाला, अण्णा?" असं मी एकदा विचारलं होतं.

"आपल्या झाडाला कोण पण घालतंय, ताई," एवढंच ते म्हणाले आणि दुधीवर टकटक करायला निघून गेले.

रोज सकाळी अण्णा वाफ्यावाफ्यातून फिरत मातीत बोट खुपसून बघायचे. माती कोरडी लागली की थेट लिफ्ट. ज्यानं पाणी घालायचं होतं त्याच्या दारची बेल. रविवारी साखरझोपेत असलेला माणूस डोळे चोळत, मनातल्या मनात शिव्या घालत दार उघडायचा. अण्णा त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळायचे, "सरी, आयतु," म्हणजे ठीक, झालं, एवढं म्हणायचे आणि चालू लागायचे. पाणी का घातलं नाही, हा प्रश्नच नाही! बहुतेक वेळा परत जाऊन पाणी ते स्वतःच घालायचे. सगळी इमारत या बेलला वैतागली होती.

मी नाही वैतागले. मला वैतागायला वेळच नसतो, कारण मी काळजीत असते. गॅस बंद केलाय का, हे बघायला लिफ्टनं खाली आलेली मी पुन्हा वर जाते. सुधीर, म्हणजे माझा नवरा, पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून अर्धा तास उशिरा आला तर तेवढ्यात मी मनातल्या मनात बरेच दवाखाने पालथे घालते. मिरजेहून इथं आलो तेव्हा तर कहर झाला. मुलगी शिकायला बाहेर, सुधीर दिवसभर कारखान्यात, कन्नडचा गंध नाही. दिवसच्या दिवस मी फक्त कुकरशी बोलत असे. भाजीवाल्यासमोर गेले की छातीत धडधडायचं.

त्या वांग्यानं मला घराबाहेर काढलं, हे मी मोकळेपणानं कबूल करते. आपण गेलो नाही तर अण्णांचं वांगं सुकेल, या धास्तीनं मी रोज खाली उतरू लागले. तिथं पद्मा भेटली. ती मला कन्नड शिकवायची आणि मी तिला मराठीत हसवायचे. दोघींनाही एकमेकींचं निम्मंच कळायचं, पण तेवढ्यावर आमचं छान चाललं होतं. हळूहळू छातीतली धडधड कमी झाली. पूर्ण गेली नाही. ती जायचीही नाही.

आणि मग ते दाराचं प्रकरण झालं.

एका दुपारी मिरजेहून फोन आला. सासऱ्यांना दवाखान्यात ठेवलंय. सुधीर कारखान्याच्या कामासाठी कोइमतूरला होता, तो तिकडूनच निघणार होता. मी दोन साड्या पिशवीत कोंबल्या, गॅस तीनदा बघितला, दार ओढून घेतलं आणि तुमकूर रोडवरून मिळेल त्या बसनं निघाले. बस शहराबाहेर पडल्यावर लक्षात आलं, फोन जेवणाच्या टेबलावरच राहिला. शेजारच्या बाईच्या फोनवरून सुधीरला कळवलं. त्याचा एकट्याचाच नंबर मला पाठ आहे. बाकी सगळ्यांचे नंबर त्या टेबलावरच्या फोनमध्ये.

दुसऱ्या दिवशी वांगं कोरडं. अण्णा आमच्या दारात. बेल वाजवली, कुणी नाही. पद्माला बोलावलं, तिलाही काही ठाऊक नाही. सुधीरचा नंबर अख्ख्या इमारतीत कुणाकडे नव्हता. मग अण्णांनी माझा नंबर लावला आणि बंद दाराच्या आत फोन वाजू लागला.

पुढचं पद्मानं मला नंतर साभिनय सांगितलं. अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला. आमच्या दाराला बाहेरून कडी-कुलूप नाही, आत बसवलेलं लॅच आहे, त्यामुळे घरात माणूस आहे की नाही ते बाहेरून कळत नाही. अण्णांनी दारावर टकटक केली, कान लावला, पुन्हा फोन लावला. आत वाजतोय, वाजतोय आणि थांबतोय. वॉचमन म्हणाला, थांबू या. सेक्रेटरी म्हणाले, पोलिसांना विचारू या. अण्णा थांबले नाहीत. समोरच्या इमारतीत काम करणाऱ्या सुताराला ते हाताला धरून घेऊन आले आणि दार फोडलं. आत शिरून पलंगाखाली बघितलं, बाथरूममध्ये बघितलं, कपाटसुद्धा उघडलं. टेबलावर फोन, ओट्यावर अर्धवट चिरलेला दोडका, आणि मी नाही. अण्णा तिथंच खुर्चीवर बसले आणि कितीतरी वेळ उठेचनात, असं पद्मा म्हणाली.

सासरे बरे झाले आणि आम्ही परतलो, तर आमच्या दाराच्या जागी भलतंच दार. माझं धाबं दणाणलं. घरफोडी झाली, असंच वाटलं. पद्मानं नवी किल्ली आणून दिली. आत सगळं जागच्या जागी होतं, दोडका तेवढा कुणीतरी उचलून टाकला होता. नवं दार अण्णांनीच बसवून घेतलं होतं. टकटक करून आवाज पटेना म्हणून सुताराकडून बिजागऱ्या दोनदा बदलून घेतल्या होत्या म्हणे.

सुधीर भडकला. मीही भडकले. माझ्या माघारी माझं कपाट लोकांनी बघितलं, या विचारानंच मला कसंसं होत होतं. सेक्रेटरी तर संधीच बघत होते. संध्याकाळी घरी येऊन म्हणाले, "मॅडम, रविवारी मीटिंग आहे. बाग काढून तिथं फरशी घालू आणि स्कूटर लावू. निम्मे लोक तयार आहेत, निम्मे नाहीत. दार तुमचं मोडलंय. तुम्ही उभं राहून तक्रार केलीत की विषय संपला."

मी बरं म्हणाले. पण त्या माणसाच्या तोंडावर सांगितल्याशिवाय चारचौघांत बोलणं बरं दिसलं नसतं, म्हणून मीटिंगच्या आधी अण्णांकडे गेले. त्यांच्या घरी मी प्रथमच जात होते. ते एकटेच राहतात, मुलगी पुण्याला असते, एवढं ठाऊक होतं. गॅलरीत नजर गेली आणि मी बोलायचं ते विसरलेच. अख्ख्या इमारतीला बागेच्या नादाला लावणाऱ्या या माणसाच्या गॅलरीत एक कुंडी नव्हती. साधी तुळससुद्धा नाही.

"झाडं कुठायत, अण्णा?"

"हितं नाहीत. आधीच्या घरी होती. गॅलरी भरून होती." त्यांनी माझ्यासमोर चहा ठेवला. "आमची ही गेल्यावर तिथं मी एकटाच. एक दिवस हॉलमध्ये पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं. उठता येईना. उन्हाळ्याचे दोन-तीन दिवस तसाच पडून. फोन आत, चार्जिंगला लावलेला. मुलीचा फोन यायचा, वाजायचा, बंद पडायचा. मग चार्ज असूनपण वाजायचा थांबला. तिला वाटलं, बाबा गावाला गेले असतील."

मी कप खाली ठेवला.

"पडल्या जागेवरनं गॅलरी दिसायची. झाडं सुकत चालली होती. मला वाटलं, समोरनं कोण तरी बघेल. खानापुऱ्यांची झाडं वाळालीत, काय झालं बघून येऊ या, म्हणेल. एवढ्या खिडक्या समोर! खरं कोण आलं नाही." बेळगावकडं 'पण' म्हणायचं तिथं 'खरं' म्हणतात. "शेवटी खालची बाई आली. भांडायला. माझ्या झाडांची वाळकी पानं तिच्या कपड्यांवर पडालती म्हणून. दार बडवून बडवून शिव्या देत होती. तेवढ्या गोड शिव्या मी जन्मात ऐकल्या नाहीत, ताई. मी आतनं ओरडलो. तक्रार करायला आली म्हणून वाचलो."

ते हसले. मला हसू आलं नाही.

"तुमच्या दाराशी फोन वाजत होता, तवा सगळे म्हणाले थांबा. त्यांनी तो आवाज बाहेरनं ऐकला. मी आतनं ऐकलेला आहे." त्यांनी टेबलावर बोटानं टकटक केली. "दार मोडलं, चुकलंच माझं. बोला तुम्ही मीटिंगमध्ये, मला राग नाही."

मी भलतंच विचारलं, "तुमच्या वांग्याला मलाच का नेमलंत?"

"तुम्ही खाली येऊन गॅस बघायला परत वर जाता. पहिल्या आठवड्यातच बघितलं होतं मी. मला तसंच माणूस पाहिजे होतं."

आयुष्यभर ज्या स्वभावासाठी मी घरच्यांची बोलणी खाल्ली, त्यासाठी मला कुणी निवडलं होतं. मला एवढं भरून आलं की चहा तसाच टाकून मी वर आले.

मीटिंगला मी गेले. चार माणसांत उभं राहून मी कधी बोललेली नाही, त्यात सगळं कन्नडमधून. अण्णा शेवटच्या रांगेत मान खाली घालून बसले होते. सेक्रेटरींनी माझं नाव घेतलं. मराठीतून तयार केलेलं सगळं भाषण मी जागच्या जागी विसरले. पद्माकडे बघितलं आणि येत होतं तेवढंच बोलले.

"नन्न बागिलु. कंप्लेंट इल्ला." माझं दार. तक्रार नाही.

एवढं बोलून खाली बसले. सेक्रेटरी म्हणाले, पण मॅडम... मी पुन्हा उभी राहिले आणि पुन्हा तेच म्हणाले, या खेपेला जरा जोरात. मागून कुणीतरी टाळी वाजवली. बहुधा पद्माच असावी. मग बराच आरडाओरडा झाला, त्यातलं मला फारसं समजलं नाही. बाग राहिली एवढं समजलं. आता प्रत्येक घरच्या दोन माणसांचे नंबर पद्माकडे असतात आणि सुताराला बोलावण्याआधी तिला विचारायचं, असं ठरलंय.

त्या धावपळीनं दुसऱ्या दिवशी मला जाग उशिरा आली. ऊन चांगलं वर आलं होतं. केस तसेच गुंडाळून, गॅसही न बघता, मी धावत खाली आले.

अण्णा त्यांच्या वाफ्यापाशी उभे होते. वांग्यानं माना टाकल्या होत्या. अण्णांच्या हातात पाण्यानं काठोकाठ भरलेला मग होता आणि त्यातला थेंबही त्यांनी झाडाला घातला नव्हता. दार मोडल्यापासून आमची बेल वाजवायचा धीर त्यांना होत नसावा, डोळे नुसते लिफ्टच्या दाराकडे लागले होते.

"आज तुम्ही घालून टाकायचं होतं की, अण्णा!" मी धापा टाकत म्हणाले.

"मी घातलं असतं आणि तुम्ही आला नसता, तर बाकीच्यांना कळलं कसं असतं?" ते म्हणाले. "आलात की. आयतु."

त्यांनी मग माझ्या हातात दिला आणि तोंड पलीकडे फिरवलं. मी मान वर केली नाही. त्यांना डोळे पुसायला वेळ मिळावा म्हणून मी वांग्याला अगदी हळूहळू, धार धरून पाणी घालत राहिले.