बिनकाजाचा मास्क

तीस वर्षं शिवणकाम करतोय. माझ्या हातचा कपडा कधी दुरुस्तीला परत आलेला नाही! लेकीला शाळेच्या नाटकासाठी सुपरहिरोचा पोशाख हवा होता. मी माप न घेता नुसत्या नजरेनं कापला.

नाटक तिनंच लिहिलेलं. त्यातली सुपरहिरो तिच्यासारखीच. तेरा वर्षांची, मुसलमान, डोक्याला स्कार्फ बांधून उडणारी.

"अब्बा, मास्क नको हं. माझा चेहरा दिसायला हवा."

"सगळे सुपरहिरो तोंड लपवतात. नियम आहे तो."

"कुणाचा?"

"त्यांचा!"

खरं कारण वेगळं होतं. गेल्या महिन्यात वर्गात कुणीतरी तिच्या स्कार्फला हसलं होतं. मला वाटलं, डोक्यापासून हनुवटीपर्यंत मास्क चढवला की स्कार्फही झाकला जाईल आणि पोरगीही. तिनं तोंड फुगवलं, पण ऐकलं.

मास्क झकास झाला. आमच्या दुकानात शिवायचं मी आणि काज-बटण बायकोनं. शिवून झालं की कपडा डावीकडच्या स्टुलावर टाकायचा. सकाळी काजं तयार! डोळ्यांची भोकं म्हणजे काजंच की. मी मास्क स्टुलावर टाकला. सकाळी उचलला, घडी घातली, पिशवीत भरला.

बायकोला जाऊन सात महिने झाले. मला ते माहीत आहे. माझ्या हातांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

विंगेत लेकीनं घाईघाईत मास्क चढवला आणि त्याच क्षणी बाईंनी तिला स्टेजवर ढकललं. ती धावत आली आणि पुठ्ठ्याच्या झाडावर आदळली.

"जोरात लागलं असेल," शेजारचे गृहस्थ म्हणाले.

"भूमिकेत शिरलीय," मी म्हटलं.

मग तिनं नाटकातल्या म्हातारीचा गळा धरला. ह्या म्हातारीला तिनं वाचवायचं होतं!

"अगं सोड! मी चांगली आहे!"

"गप! तू शहर जाळलंस!"

"मी जाळलं!" खलनायक बिचारा हात वर करून ओरडला. "मी इकडे आहे!"

सगळं सभागृह खो खो हसत होतं. मी मान खाली घातली. लेक थांबली. तिनं मास्क ओढून काढला. खाली स्कार्फ जागच्या जागी होता, चेहरा लालबुंद.

"हसून झालं?" ती म्हणाली. "आता नीट बघा. ही मी. अशीच आहे."

कुणी हसलं नाही. ती खलनायकाकडे वळली. तो खरोखरच घाबरून पळाला. टाळ्या थांबेनात!

नंतर मुख्याध्यापिका धावत आल्या.

"तोंड लपवलं की माणूस आंधळा होतो! केवढा खोल विचार! कुणाला सुचलं हे?"

मी घसा खाकरला. "मला."

लेकीनं बिनडोळ्यांचा मास्क माझ्या हातात कोंबला.

मुख्याध्यापिकांनी लगेच पुढच्या नाटकाची ऑर्डर दिली. लेकीसकट अकरा मुलं, मास्क अकरा, डोळे अजिबात नकोत.

"दहा," लेक म्हणाली.