एक चकती कमी

रणपिसे मॅडमसमोर 'चहा छान झालाय' म्हणायची सोय नव्हती. कपातून मान वर न करता त्या विचारायच्या, "कशाच्या तुलनेत?" प्राचार्य भर मीटिंगमध्ये म्हणाले, यंदा निकाल चांगला लागला. तोच प्रश्न. ऑफिसातल्या एका बाईंनी नव्या सुनेचं कौतुक केलं, त्यांनाही तोच. त्या बाई पुन्हा आमच्या मजल्यावर फिरकल्या नाहीत.

शनिवार पेठेतल्या आमच्या कॉलेजात मायक्रोबायोलॉजीला आम्ही दोघीच उरलो होतो. मुलं कॉम्प्युटरचे कोर्स करून खराडीला नोकरीला लागत होती. आम्ही पाला वाटत होतो. तोंडात, नखांत रोग करणारं यीस्ट काचेच्या बशीत वाढवायचं, वर पाल्याच्या अर्कात भिजवलेल्या कागदी चकत्या ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती स्वच्छ कडं दिसलं, तर अर्कानं यीस्ट मारलं. बहुतेक वेळा दिसायचं नाही.

माझ्या घाणेरीच्या पाल्याला मात्र कडं यायचं. दोन वर्षं त्यावर काढली होती. एके दिवशी मॅडमनी न विचारता माझ्या बशीत आणखी एक चकती ठेवली, नुसत्या मेथेनॉलची. अर्क मी मेथेनॉलमध्येच काढत असे. त्या चकतीलाही तेवढंच कडं आलं.

"तुम्ही दोन वर्षं मेथेनॉलवर पीएचडी करताय," त्या म्हणाल्या आणि जेवायला गेल्या. मी तशीच बसून राहिले. रडायलाही दम नव्हता.

त्याच सुमाराला कॉलेजचे माळी बबनराव पिशवी घेऊन आले. ते खडकवासल्याकडून यायचे.

"मॅडम, मंडळीच्या तोंडात पांढरं आलंय. शुगर हाय तिला. घास गिळत न्हाई. जाईचा पाला चघळायला देतोय. तुमच्या बशीत घालून बघा की."

"डॉक्टरांनी काय दिलंय?"

"तोंडात सोडायचं औषध. पर ते गरम पडतं. बंद केलं."

मॅडमनी पाला तपासला. काही नाही. तसं तोंडावर सांगितलं, औषध सुरू करा म्हणाल्या. "बशीला काय कळतंय?" म्हणून बबनराव दोन दिवसांनी दुसऱ्या वेलीचा पाला घेऊन आले. मग तिसऱ्या. मॅडम दर वेळी तपासत, दर वेळी नाही म्हणत.

चौथ्या वेळी बबनराव पिशवी न उघडताच दाराजवळच्या स्टुलावर बसले. त्यांची बायको सुमनबाई आता नुसत्या दुधावर होत्या, तेही अर्धी वाटी.

"उद्या औषधाची बाटली आणा," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी बशीत दोन चकत्या ठेवल्या. एक नुसत्या पाल्याची, दुसरी पाला अधिक औषधाची. पहिली कोरी राहिली. दुसरीभोवती सुरेख गोल कडं उमटलं. बबनरावांना बोलावून त्यांनी बशी उजेडात धरली.

"बघा. तुमचा पाला एकटा चालत नाही. औषधाबरोबर चालतो. दोन्ही द्यायचं. रोज, न चुकता."

"म्हंजे पाल्यात गुण हाय!"

"दिसतंय ना बशीत?"

ते गेल्यावर मी म्हटलं, "मॅडम, नुसत्या औषधाची चकती कुठंय?"

"चकत्या संपल्या होत्या."

फळीवर भरलेली डबी होती. मी तिच्याकडे पाहिलं, त्यांनी खिडकीबाहेर.

तीन आठवड्यांनी सुमनबाई स्वतः आल्या. काटकुळ्या झालेल्या, पण हसऱ्या. भाकरी आणि मिरचीचा ठेचा बांधून आणला होता. "आता तिखट चालतंय मला," म्हणाल्या. मग सहज विचारलं, "मॅडम, घरी कोन कोन असतं?"

"मी."

सुमनबाई पुढच्या नावाची वाट पाहत थांबल्या. मॅडम हात पुसत राहिल्या. इतकी वर्षं शेजारच्या खुर्चीत बसून मी हे कधी विचारलं नव्हतं.

"मग रविवारी जेवायला या आमच्याकडं."

"पेपर तपासायचेत," मॅडम म्हणाल्या. परीक्षा व्हायला अजून महिना होता.

सोमवारी बबनराव झाडांना पाणी घालताना भेटले. "मॅडम आलत्या काल," हळूच म्हणाले. "जेवल्या, अन् बोलता बोलता तितंच चटईवर झोपल्या. पार दिवेलागनीपर्यंत. मी हाक मारनार हुतो. सुमन म्हनली, राहू द्या. लई दिवसांची झोप दिसतीय."