परवडणारी एम.ए.

तोफरावांनी एम.ए. करायचं ठरवलं ते रागाच्या भरात. (त्यांचे बहुतेक निर्णय याच सदरात मोडतात.) तीस वर्षं वर्तमानपत्रात बातमीदारी केलेला माणूस, मंत्र्यापासून मुकादमापर्यंत कुणालाही सोडलं नाही, म्हणून ऑफिसात नाव पडलं तोफराव. मुख्य वार्ताहर दोन वर्षांनी निवृत्त होणार होते आणि ती खुर्ची आपलीच, याची तोफरावांना इतकी खात्री होती की तिचं कुरकुरणारं चाक त्यांनी स्वतः तेल घालून ठेवलं होतं. आणि एक दिवस मालक म्हणाले, "यापुढे मुख्य वार्ताहर पदव्युत्तर शिक्षण झालेला हवा." तोफराव नुसतेच बी.ए. शेजारच्या टेबलावरची मुलगी मात्र एम.ए. बातमीचा पहिला परिच्छेद कसा लिहायचा, हे तिला तोफरावांनीच शिकवलेलं.

"मी हिच्या हाताखाली काम करायचं?" घरी येऊन त्यांनी बायकोला विचारलं.

"मुलगी गुणी आहे," शाळेत गणित शिकवणारी बायको वह्यांवरून नजर न उचलता म्हणाली. "तुम्हाला शिकवेल काहीतरी."

झालं! वातीला काडी लागली.

पण एम.ए. करायची कुठे? कॉलेजांच्या फीविरुद्ध तोफरावांनी पाच भागांची लेखमाला लिहिली होती. ('पदवी की दरोडा?') आता त्याच दरोडेखोरांच्या रांगेत पैसे घेऊन कसं उभं राहायचं? उरलं दूरशिक्षण. त्यातही त्यांनी फीचा तक्ता खालून वाचला आणि सगळ्यात स्वस्त विषय धरला: कौटुंबिक अर्थशास्त्र. ना प्रयोगशाळा, ना वर्ग. शेवटी एका कुटुंबाचा अभ्यास करून प्रबंध लिहायचा, आणि कुटुंब स्वतःचं चालतं.

"फ्रिजच्या दोन हप्त्यांत एम.ए.!" ते गरजले. "सामान्य माणसाला परवडणारं शिक्षण म्हणतात ते हे!"

सामान्य माणसाला अभ्यासाला टेबल लागलं, म्हणून लेकीचं टेबल गेलं. शाळेच्या शेवटच्या वर्षाची तयारी करायला लेक गल्लीच्या टोकाच्या अभ्यासिकेत पैसे भरून बसू लागली. तोफराव वाचायचे मोठ्यांदा, तेही पत्रकार परिषदेत प्रश्न विचारतात त्या आवाजात, म्हणून बायको वह्या शाळेतच तपासून उशिरा घरी येऊ लागली. परीक्षांसाठी त्यांनी बिनपगारी रजा घेतल्या. चार पेपर दुसऱ्यांदा द्यावे लागले. (प्रश्नपत्रिकेतच चुका आहेत, असं त्यांचं आजही म्हणणं आहे.)

अखेर प्रबंधाची वेळ आली. विषय त्यांनी छाती पुढे काढून निवडला: 'दूरशिक्षणातील पदव्युत्तर पदवी सामान्य कुटुंबाला परवडते का? एका कुटुंबाचा अभ्यास.' मुलाखतीसाठी त्यांनी बायकोला जेवणाच्या टेबलापाशी बसवलं आणि वही उघडली.

"मनमोकळं बोला. काही अडचण?"

"लिहून घ्या. अभ्यासिकेची फी दोन वर्षांची. बिनपगारी रजा एकोणीस. चार पेपरांची फेरपरीक्षा. छपाई. चष्मा."

"चष्मा वयामुळे लागला."

"डॉक्टर म्हणाले, वाचनामुळे. एकूण तुमच्या फीच्या साडेतीन पट झाले. आणि चहा मी धरलेलाच नाही."

"ही एक बाजू झाली," तोफराव म्हणाले आणि त्यांनी वही मिटली.

प्रबंधात त्यांनी लिहिलं: 'पदवी पूर्णपणे परवडते. घरातील एका महिलेने नाव न सांगण्याच्या अटीवर काही किरकोळ तक्रारी केल्या. त्यांना दुजोरा मिळू शकला नाही.'

मुख्य वार्ताहरांच्या निवृत्तीला बरोबर महिना उरला असताना तोंडी परीक्षा आली. लॅपटॉपवर, घरबसल्या. पासाला शंभरात चाळीस. इथे घसरलं की वर्ष गेलं, आणि वर्षाबरोबर खुर्चीही. बायको आणि लेकीला स्वयंपाकघरात बसवून तोफराव कोट घालून लॅपटॉपपुढे बसले. (खाली घरातलीच पँट होती.)

पडद्यावरचे परीक्षक बारीक आवाजाचे, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. "पान एक्केचाळीसवरची ही महिला कोण?"

"क्षमा करा, बातमीदार आपलं सूत्र उघड करत नाही."

"का बरं?"

"सर, याच कारणासाठी मला एकदा तुरुंगात टाकायची धमकी आली होती. तरी मी तोंड उघडलं नाही!"

"तुरुंगात टाकायचा अधिकार मला नाही," परीक्षक शांतपणे म्हणाले. "नापास करायचा आहे. अभ्यास कुणाच्या कुटुंबाचा?"

"माझ्याच."

"घरात महिला किती?"

"दोन."

"कोण कोण?"

"एक माझी मुलगी. ती शाळेत शिकते."

"म्हणजे सूत्र शोधायला पोलीस नकोत."

स्वयंपाकघरातून लेकीचं हसू फुटलं. पाठोपाठ बायको पदराला हात पुसत येऊन पडद्यापुढे उभी राहिली. "नमस्कार सर. ती महिला मी."

"नाव न सांगण्याची अट तुमची होती, मॅडम?"

"माझी कशाला असेल? उलट मी म्हणाले होते, हिशेब सगळा छापा." आणि बाईंनी वर्गात पाढे म्हणावेत तसे सगळे आकडे तोंडपाठ म्हणून दाखवले. चष्म्यासकट.

परीक्षकांनी ते लिहून घेतले. "हे आकडे तुमच्याकडे होते. मग प्रबंधात का नाहीत?"

तोफरावांनी तोंड उघडलं. तीस वर्षांत त्यांनी शेकडो अधिकाऱ्यांना हाच प्रश्न विचारला होता, टेबलावर मूठ आपटून विचारला होता. आणि आता त्यांच्याच तोंडून शब्द बाहेर पडले, "सदर बाब तपासून पाहिली जाईल आणि योग्य ती कार्यवाही करण्यात येईल."

आपण काय बोललो हे तोफरावांच्या कानांना आधी कळलं. ते लाल झाले.

"बाबा," लेक दारातून कुजबुजली, "तुम्ही तर सरकारी झालात!"

परीक्षकांनी बेरीज केली. "अडतीस," ते म्हणाले. "दोन कमी पडतात. वर्षभराने पुन्हा बसा."

ती गुणी मुलगी, तेल घातलेलं चाक, सगळं तोफरावांच्या डोळ्यांपुढून गेलं. कुणापुढे कधी हात पसरला नाही, याचा त्यांना मोठा अभिमान. तो गिळायचा तर कसा गिळतात, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. ते नुसतेच कोटाचं बटण पिरगाळत राहिले.

"सर," बायको म्हणाली, "एक बोलू? हे पुन्हा बसले, तर आणखी एक वर्ष लेकीचं टेबल जाईल. मी रोज उशिरा घरी येईन. आणि हे वाचतील. मोठ्यांदा. दोन वर्षं कशीबशी निभावली आम्ही. तिसरं नाही हो परवडणार."

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. घरी त्यांनाही कुणीतरी असावं.

"कुटुंबाची परिस्थिती लक्षात घेऊन," ते हळव्या आवाजात म्हणाले, "मी पाच गुण वाढवून देतो."

"नको, नको, सर!" बायको घाईघाईने म्हणाली. "दोनच द्या. जास्त दिलेत तर हे पीएचडीला बसतील."