स्टेशन गावाच्या ताब्यात

मंडळी, एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आपल्या मुलखात डोकेबाज माणसं पुष्कळ झाली, पण आख्खं रेल्वे स्टेशन एका चित्रकलेच्या मास्तरनं वाचवलं, असं बोरनाळा रोडशिवाय कुठंच घडलेलं न्हाई! तो मास्तर म्हणजे मी. कडूबा मास्तर. आता कसं वाचवलं, ते जरा सावकाश सांगावं लागेल.

आमचं स्टेशन निजामाच्या काळातलं. काळ्या दगडाचं, कौलारू, भिंती पाटलाच्या पोटाएवढ्या जाड. त्यात फस्कलासची एक वेटिंग रूम. बोरनाळ्याहून फस्कलासनं जाणारा माणूस निजामाला सापडला न्हाई, मग रेल्वेला कुठून सापडणार? त्या खोलीत वर्षानुवर्षं वटवाघळं राहायची. तीही बिनतिकिटाची!

रेल्वेचा तो चौऱ्याहत्तर सालचा मोठा संप होऊन वर्ष होत आलं होतं. एक दिवस आमचे स्टेशन मास्तर अप्पाराव सायकल हाणत शाळेत आले. हा माणूस मूळचाच घाबरट. इंजिनाची शिट्टी झाली की गुरांच्या आधी हेच दचकायचे.

"कडूबा मास्तर, खलास! सिकंदराबादहून मोठे साहेब येऊन राह्यले. ह्या स्टेशनावर कुत्रं बी चढत न्हाई, म्हणून गाडीचा थांबाच बंद करायचा म्हणते!"

माझी बायको प्रभावती तेव्हा मास्तरकीचं शिक्षण घ्यायला रोज गाडीनं जालन्याला जायची. थांबा बंद झाला तर ती जालन्यात खोली घेऊन राहणार आणि भाकरी मला थापावी लागणार! माझी भाकरी तुम्ही बघितलेली न्हाई. एकदा थापली होती, ती शेजारच्या कचरूनं फुटलेल्या कौलाच्या जागी बसवली. पावसाळाभर गळली न्हाई!

"अप्पाराव," मी म्हणालो, "साहेबाला माणसंच बघायचीत ना? दाखवू! गावाची बैठकच स्टेशनात हलवू. कट्टा, वाचनालय, सगळं तिथंच!"

"आणि माझी बदली?"

"बदली कशाची? बढती होईल, बढती!"

खरं सांगायचं तर ही कल्पना माझ्या डोक्यात कधीपासून घोळत होती. गावात बसायला जागा नव्हती असं न्हाई. पण पारावर वरच्या आळीचे बसायचे, विहाराच्या ओट्यावर आमच्या वस्तीचे, आणि बायकांनी कुठं टेकावं ह्याचा तर कुणी विचारच केला नव्हता. स्टेशनचं बाक मात्र कुणाच्या बापाचं न्हाई! तिथं कुणीही कुणाशेजारी बसावं. रेल्वे फक्त तिकीट विचारते, आडनाव न्हाई.

मी रात्रीत नकाशा काढला आणि सरपंच धर्मराज पाटलांकडं नेला. त्यांनी तो बराच वेळ उलटा धरून बघितला.

"झकास!" ते म्हणाले. "मास्तर, फक्त एक करा. कल्पना माझी हाय म्हणून सांगा. म्हणजे लोक ऐकतील."

दुसऱ्याच दिवशी दवंडी झाली आणि आख्खा गाव स्टेशनावर उलटला. वटवाघळं हाकलली, भिंती पांढऱ्या केल्या. इथपर्यंत सगळं माझ्या नकाशाबरहुकूम! पुढं मात्र गावानं नकाशा हातात घेतला.

"वाचायला येतंय कुणाला?" सगुणाबाई म्हणाल्या. वय सत्तरीचं, आवाज इंजिनाचा. "फलाट बघ कसा सपाट हाय! कुरडया वाळत घालते."

"सगुणाआत्या, तिथं साहेब उतरणार!"

"उतरू दे की. कुरडया ओलांडून यील. पाय न्हाईत का त्याला?"

तालमीच्या पोरांनी वेटिंग रूममध्ये व्यायामाचे जाड लाकडी मुद्गल आणून टाकले. लेझीमवाल्यांनी तिकिटाची खिडकी अडवली. कचरूनं सिग्नलच्या खांबाला म्हैस बांधली. आठवड्याभरात स्टेशनावर बाजार भरल्यासारखी गर्दी! आणि खरं सांगतो, ती गर्दी बघून मला भरून आलं. वरच्या आळीतल्या म्हाताऱ्या आणि आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या एकाच बाकावर बसून एकाच सुनेची चहाडी करत होत्या! सून तिसऱ्याच गावची होती, म्हणून भांडणही न्हाई.

भांडण झालं ते स्वागताच्या फलकावरून. कापड कुठल्या रंगाचं घ्यायचं?

"भगवं," पाटील म्हणाले.

"निळं," आमच्या वस्तीतले म्हणाले.

वातावरण तापलं. शेवटी मीच तोड काढली. "भगवं नको, निळं नको. जो रंग गावात कुणाचाच न्हाई, तो घ्या. लाल!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लाल रंग गावात कुणाचा नसला, तरी रेल्वेत तो कशाचा असतो, हे एकाच्याही ध्यानात आलं न्हाई! अप्पारावांच्या तरी ध्यानात यायला हवं होतं, पण ते तेव्हा म्हशीला खांबापासून सोडवत होते.

मी रात्रभर बसून पांढऱ्या रंगानं एका ओळीत लांबलचक मजकूर लिहिला: "साहेबांचे स्वागत असो! स्टेशन गावाच्या ताब्यात द्या, जिवापाड सांभाळू!" फलक साहेबाला लांबून दिसावा म्हणून रुळांच्या वरून आडवा ताणला. एक टोक कडूलिंबाला, दुसरं तारेच्या खांबाला.

प्रभावती कॉलेजला निघाली होती. तिनं वर बघितलं.

"अहो, हे लाल कापड गाडीच्या वाटेत बराबर दिसतंय का?"

"मुद्दाम बांधलंय! लांबून दिसतं!"

"तेच म्हणून राह्यले मी," ती म्हणाली आणि गाडीत बसून गेली. ती गाडी पलीकडच्या बाजूनं आलेली. तिच्या ड्रायव्हरला फलकाची नुसती पाठ दिसली, तरी तो जाताना मागं वळून वळून बघत होता!

दुपारी साहेबांची खास गाडी आली. एक इंजिन, मागं एक डबा. गाव नटूनथटून उभा. तेवढ्यात वारा सुटला आणि फलकाची दोन्ही टोकं पीळ खाऊन दोरीला गुंडाळली गेली. मधोमध उरले तीनच शब्द: "स्टेशन गावाच्या ताब्यात".

ड्रायव्हरला रुळावर लाल दिसलं. त्यानं असा ब्रेक मारला की गाडी सिग्नलच्याही अलीकडं, शेतात उभी!

"साहेबाला एवढं चालावं लागंल का?" धर्मराज पाटील ओरडले. "आपणच जाऊ! चला रे!"

आणि गाव निघाला! पुढं लेझीम खणखणवत पोरं. त्यांच्यामागं मुद्गल फिरवत पैलवान. मधे हार घेतलेला मी. सगळ्यात मागं, पण वेगानं पुढं येत, कुरडयांवरचे कावळे हाकलायची काठी उगारून सगुणाआत्या! "थांब रे बाबा, थांब!" असं त्या मायेनंच ओरडत होत्या. पण त्यांची माया लांबून धमकीसारखी ऐकू येते.

डब्यात काय झालं ते आम्हाला मागाहून गार्डानं सांगितलं. साहेब दारात आले. समोर लाल फलक. त्यांनी मराठी कारकुनाला विचारलं, "क्या लिखा है?" कारकुनानं वाचलं आणि मटकन खालीच बसला. "साहेब, स्टेशन लोगों ने कब्जे में लिया है!" साहेब म्हणजे संपात हात पोळलेला माणूस! त्याला काठ्या दिसल्या, मुद्गल दिसले. हार तेवढा दिसला न्हाई.

"गाडी पीछे लो! जल्दी!"

गाडी मागं सरकायला लागली.

"इंजिन झेप घ्यायला मागं चाललंय!" कुणीतरी म्हणालं.

"न्हाई रे, साहेब लाजाळू दिसतेत," पाटील धापा टाकत म्हणाले. "पळा! पाहुणा तसाच परत गेला तर गावाची इज्जत काय राहील?"

मंग काय, गाडी उलटी पळतेय आणि गाव सुलटा! मी तर दोन शेतं हार हातात धरून पळालो. शेवटी गाडी ठिपक्याएवढी झाली, तेव्हा हार मीच गळ्यात घातला. हात दुखत होते!

संध्याकाळी जालन्याहून पोलिसांचा ट्रक आला. फौजदार उतरला.

"ह्या भानगडीचा म्होरक्या कोण?"

गावाला वाटलं, साहेबानं बक्षीस पाठवलं. धर्मराज पाटील छाती काढून पुढं झाले, "कल्पना माझी..." तेवढ्यात मागून बंदूकवाले उतरले. पाटलांनी वाक्य मोडलं न्हाई, फक्त वळवलं: "...माझी न्हाई. ह्या मास्तरची!"

आणि मी हारासकट उभा! फौजदारानं मला हारासकट ट्रकात बसवलं.

मला सोडवलं ते प्रभावतीनं. संध्याकाळच्या गाडीनं ती उतरली, सरळ खांबापाशी गेली, गुंडाळलेला फलक पसरला आणि फौजदाराला सगळा मजकूर वाचून दाखवला. फौजदार इतका हसला की त्याची टोपी सगुणाआत्याच्या कुरडयांत पडली.

"अरे माझ्या कर्मा! पण बाई, साहेबांनी मागच्या स्टेशनातून वर फोन कधीच केला. आता हे आवरणार न्हाई."

आणि न्हाईच आवरलं. महिनाभरात वरून हुकूम आला. बोरनाळा रोड हे स्टेशन अतिशय नाजूक ठरलं! एवढ्या नाजूक स्टेशनचा थांबा बंद करणं बिलकुल धोक्याचं, म्हणून थांबा कायम! बंदोबस्ताला चार शिपाई आले. त्यांची चौकी कुठं? तर वेटिंग रूममध्ये! आमचं वाचनालय, तालीम, सगळं गुंडाळलं. म्हाताऱ्या आपापल्या ओट्यावर परत गेल्या. अप्पारावांची बढती झाली न्हाई, पण बदलीही झाली न्हाई. ते खूश होते. आता शिट्टी झाली की त्यांच्यासोबत दचकायला चार माणसं होती.

तर मंडळी, स्टेशन वाचलं की न्हाई? प्रभावतीची गाडी राहिली, मी भाकरीतून सुटलो!

फक्त एक बारीक गोष्ट राहिली. फलाटावर एक पाटी लावायची होती आणि पंचक्रोशीत बरं अक्षर माझ्याशिवाय कुणाचं न्हाई, म्हणून फौजदारानं मलाच बोलावलं. मी दिवसभर बसून ती रंगवली. "येथे पाच किंवा अधिक इसमांनी जमू नये. हुकुमावरून." अक्षर झकास आलं. बघायला लोक जमले होते, पण तेवढ्यातच शिपायांनी हाकलले.